प्रतिसाद: अक्षरं उलटी लिहिणं हीच खूण नव्हे

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की मूल अक्षरं उलटी लिहू लागलं की डिस्लेक्सिया (वाचन-लेखन शिकण्यातली अडचण) समजावा. एवढ्यावर नका जाऊ. सहा-सात वर्षांपर्यंत बरीच मुलं तसं लिहितात आणि पुढे आपोआप सुधारतात.

मूळ अडचण बहुधा डोळ्यांत नसते, शब्दातले ध्वनी सुटे करून अक्षरांशी जोडण्यात असते. म्हणून शाळेत जायच्या आधीच यमक न जुळणं, 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरतं हे न सांगता येणं, याकडे जास्त लक्ष द्यावं. घरात आईवडील किंवा भावंडांना असेल तर आणखीच.

ज्या लिप्यांत उच्चाराप्रमाणे लिहिलं जातं (आपली बरीचशी तशीच), तिथे मूल वाचतं बरोबर, पण फार सावकाश. चुका दिसत नाहीत, मग शिक्का बसतो 'आळशी'चा! बुद्धीशी याचा संबंध नाही, हे 1896 मध्ये प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी एका हुशार, पण वाचता न येणाऱ्या 14 वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं तेव्हापासून माहीत आहे.

मोठ्यांमध्ये ओळखणं अवघड, कारण ते लपवण्यात पटाईत झालेले असतात. चारचौघांत मोठ्याने वाचायचं टाळतात, फॉर्म घरी नेऊन भरतात, ईमेल तीनदा तपासतात. तपासणी त्यांचीही होते, वयाची अट नाही.