मिंट टाकतेय: अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करू की फक्त होम फोल्डर?

निळीशाई
नमस्कार मंडळी. मी एका वकिलांकडे जमिनीची कागदपत्रं सांभाळते. गेल्या महिन्यात लॅपटॉपची बॅग बसमध्ये विसरले. चौथ्या दिवशी मिळाली, पण ते चार दिवस जेवण गोड लागलं नाही. पक्षकारांचे सातबारे, आधारच्या प्रती, खरेदीखतांचे मसुदे, सगळं त्यात. लॉगिनला पासवर्ड होता. पण भाच्याने पेनड्राइव्हवरून दुसरं लिनक्स चालू केलं आणि दोन मिनिटांत माझे सगळे फोल्डर उघडून दाखवले!

आता सेकंडहँड लॅपटॉपवर मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाकतेय. आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. इन्स्टॉलर आधी विचारतो, अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करू का, म्हणजे पासवर्डशिवाय वाचताच येणार नाही अशी. मग युजर तयार करताना तेच फक्त होम फोल्डरचं, म्हणजे जिथे आपल्या फाइली असतात त्याचं. काय निवडू? मशीन मंद होईल का?

बूटवाला
अख्खी डिस्क. होमच्या चौकटीला हात लावू नका.

होमसाठी जे वापरतात ते ईक्रिप्टएफएस, अख्ख्या डिस्कसाठी लक्स. मिंट ज्याच्यावर उभं आहे त्या उबुंटूने १८.०४ आवृत्तीपासून इन्स्टॉलरमधून ईक्रिप्टएफएस काढून टाकलं. शिवाय ते फक्त होमपुरतं. प्रिंटला पाठवलेल्या कागदाची प्रत काही काळ सिस्टिमच्या फोल्डरात पडून असते, ती उघडीच राहणार. तुमच्या कामात प्रिंट किती निघतात ते तुम्हीच बघा.

आणि मराठी माणसाला चावणारी गोष्ट वेगळीच आहे. ईक्रिप्टएफएस फाइलींची नावंही एन्क्रिप्ट करतं, त्यामुळे नाव जास्तीत जास्त १४३ बाइटचं. देवनागरीत प्रत्येक अक्षर ३ बाइट, काना-मात्रा-अनुस्वार वेगळे मोजायचे. म्हणजे सत्तेचाळीसावर खेळ खलास. 'मौजे वडगाव येथील सातबारा उतारा व फेरफार नोंदी एकत्रित स्कॅन' हे नाव तिथे सेव्हच होणार नाही. साध्या एक्स्ट-फोर फाइल सिस्टिमवर मर्यादा २५५ बाइट, तिथे आरामात बसतं. लक्स फाइल सिस्टिमच्या खालच्या थरावर काम करतं, त्यामुळे त्याला नावाशी देणंघेणं नाही.

मंद होण्याचं म्हणाल तर प्रोसेसरमध्ये एईएसची (एन्क्रिप्शनच्या पद्धतीची) सोय असली की जाणवत नाही, आणि बहुतेक आय-फाइव्हमध्ये ती असते. टर्मिनलमध्ये क्रिप्टसेटअपचा (लक्स हाताळणाऱ्या प्रोग्रॅमचा) बेंचमार्क, म्हणजे वेगाची चाचणी, चालवून बघा. माझ्या जुन्या मशीनवर एईएस-एक्सटीएसचा वेग साटा एसएसडीच्या तिप्पट आला. पासवर्ड दिल्यावर सुरुवातीला दोनेक सेकंद थांबतं, ते मुद्दाम. अंदाजाने पासवर्ड मारत बसणाऱ्याला प्रत्येक प्रयत्न महाग पडावा म्हणून.

कोकणी_कर्नल
बूटवाल्यांशी सहमत, एक भर. झाकण मिटून लॅपटॉप झोपवलात तर डिस्क उघडायची किल्ली रॅममध्येच राहते. बसमध्ये चढताना बंद करायचा, नुसता मिटायचा नाही. दुरुस्तीला देतानाही बंद करून द्या, आणि दुकानदाराने पासवर्ड मागितला तर देऊ नका. हार्डवेअर तपासायला त्याला त्याचा पेनड्राइव्ह पुरतो.

एसएसडीचं स्वतःचं एन्क्रिप्शन पुरेल असं कोणी सांगेल. २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या राडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी काही नामांकित एसएसडींचं कुलूप पासवर्डशिवाय उघडून दाखवलं होतं. मी तरी त्यावर विसंबत नाही.

निळीशाई
आभार! पासवर्ड विसरले तर? मराठीत ठेवला तर लक्षात राहील.

बूटवाला
विसरलात तर डेटा गेला. वशिला चालत नाही.

मराठी शब्द ठेवा, पण रोमन अक्षरांत. बूटच्या वेळी मराठी कीबोर्ड नसतो, इन्स्क्रिप्टमध्ये ठरवलेला पासवर्ड तिथे टाइप कसा करणार? एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द घ्या. म्हणी, अभंग नकोत, ते सगळ्यांना पाठ असतात.

लक्स-२ मध्ये एकाच डिस्कला ३२ पर्यंत पासवर्ड लावता येतात. दुसरा एक लावा, कागदावर लिहून पाकीट बंद करा आणि घरी कपाटात ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत नव्हे!

हेडरचा, म्हणजे डिस्कच्या सुरुवातीला लक्स जिथे किल्ल्या ठेवतं त्या भागाचा, बॅकअपही घ्या. १६ एमबीची फाइल असते. मी एकदा घाईत चुकीच्या डिस्कवर आयएसओ (लिनक्स बसवायची फाइल) लिहिली, सुरुवातीचाच भाग पुसला गेला. पासवर्ड तोंडपाठ, डेटा नव्व्याण्णव टक्के जागेवर, पण हेडर नाही म्हणून सगळं माती. पुढे पासवर्ड बदललात तर हेडरचा जुना बॅकअप नष्ट करा, त्यातून जुना पासवर्ड चालतो.

फाइलींचा बॅकअप हा वेगळा विषय. तो घेताच असाल असं धरतो.

निळीशाई
घेत नव्हते. काल बाहेरची हार्ड डिस्क आणली, तीही लक्सने एन्क्रिप्ट केली.

मिंट बसलं, वेगात फरक नाही. फक्त आज सकाळी तीनदा पासवर्ड चुकला आणि हातपाय गार पडले. 'पाणी'मध्ये एकच ए घातला होता की दोन, तेच आठवेना. दोन होते.