रुग्ण कल्याण समितीत रुग्ण कुठाय?

सातपुड्याकडचा:
सरकारी दवाखान्याचा कारभार बघणाऱ्या रुग्ण कल्याण समितीबद्दल कडूकारले यांनी काल लिहिलं, "रुग्णालय चालवणं तज्ज्ञांचं काम. रुग्णांना समितीत घेणं म्हणजे एसटीतल्या प्रवाशाच्या हातात स्टेअरिंग देणं." डोकं फिरलं, म्हणून हे लांबलचक. स्टेअरिंग नकोय हो कुणाला. गाडी आमच्या पाड्याला थांबते की नाही, हे तरी प्रवाशाला विचाराल? २००७ मध्ये लोकाधारित देखरेख सुरू झाली ती नंदुरबार, अमरावती, उस्मानाबाद, पुणे, ठाणे या पाच जिल्ह्यांत. गावकऱ्यांनी आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक भरायचं, लाल-पिवळा-हिरवा, आणि मग जनसुनवाई, म्हणजे अधिकाऱ्यांसमोर सगळ्यांदेखत तक्रारी मांडायच्या. आमच्याकडे बायांनी बाहेरून औषधं आणायला लावलेल्या चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. पुढच्या महिन्यापासून चिठ्ठ्या बंद. तोवर तज्ज्ञ काय करत होते?

कडूकारले:
जनसुनवाईत निम्मे लोक पुढाऱ्याने जीपमधून आणलेले असतात, ते पण लिहा. आणि समित्या आहेतच की! रुग्ण कल्याण समितीची कल्पना १९९४ च्या सुमारास इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयातून आली. सुरतच्या प्लेगनंतर तिथे उंदीर मारायची मोहीम काढली होती, त्यातूनच. त्याच रुग्णालयात २०२५ मध्ये नवजात बाळांना उंदीर चावले. झालं समाधान?

सातपुड्याकडचा:
उंदीर समितीत रुग्ण होते म्हणून आले का? आमच्या समितीत झेडपी सदस्य, अधिकारी आणि एक 'प्रतिष्ठित नागरिक'. प्रतिष्ठित माणूस सरकारी दवाखान्यात पायही ठेवत नाही.

वॉर्डातला_पोरगा:
समितीचं राहू द्या. वडिलांच्या वेळी स्ट्रेचर मी ढकललं, रक्ताचं सॅम्पल लॅबला मी नेलं, सलाईन संपली की सिस्टरला मी उठवलं. रात्री झोपायचं जिन्याखाली. पण केसपेपर वाचायला मागितला तर "तुम्हाला काय कळतंय?" बिनपगारी वॉर्डबॉय म्हणून चालतो, माणूस म्हणून नाही.

माजी_निवासी:
वॉर्डबॉय मिळत नाही म्हणून स्ट्रेचर आम्ही निवासी डॉक्टरांनीही ढकललंय, छत्तीस तास जागून. आणि त्याच नातेवाइकांनी माझ्या सहकाऱ्याच्या कानाखाली वाजवली. २०१० चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. शिक्षा झालेला एक तरी दाखवा.

वॉर्डातला_पोरगा:
मी कुणाला मारलं? प्रत्येक नातेवाईक गुंड का?

माजी_निवासी:
प्रत्येक डॉक्टर कसाई असतो तेव्हा चालतं ना?

कडूकारले:
बघा. हेच लोक समितीत बसवायचेत.

वॉर्डातला_पोरगा:
"हेच लोक" म्हणजे कोण? नीट बोला.

मावशीबाई:
भांडा. मी बावीस वर्षं वॉर्डात मावशी होते. आमच्या जागा रिकाम्या झाल्या की कंत्राटी येतो, तोही गेला की नातेवाईक. त्याला पास एक, कामं दहा. डॉक्टरला मारणारा तोच असतो ज्याला रात्रभर कुणी काही सांगितलेलं नसतं. मारणं बरोबर नाहीच. पण कुठल्या वॉर्डात कुणी बोलत नाही, हे समितीला कोण सांगणार? अधिकारी? ते राउंडला यायच्या आधी आम्ही चादरी बदलून ठेवायचो.

माजी_निवासी:
चादरींचं खरंय. राउंडच्या दिवशी सगळं नवं. बाकीचं मान्य नाही.

धडगाववाली:
पुरुष मंडळींनी वॉर्ड व्यापला. पावरी बोलणारी बाळंतीण कोणत्या समितीत बोलणार? बैठक तालुक्याला, मराठीत, अकरा वाजता. जायचं तर तिचा रोज बुडतो. झेडपी सदस्याला गाडी असते. आधी तिचा रोज आणि भाडं द्या, दुभाषी द्या, मग विचारा. नाहीतर रुग्णांच्या जागेवरही सरपंचाचा मेव्हणाच बसेल.

कडूकारले:
बसेलच. मीही काल तेच म्हणत होतो.

सातपुड्याकडचा:
काल तुम्ही स्टेअरिंगबद्दल बोलत होता. मेव्हण्याचा बंदोबस्त करता येतो. रुग्णाची जागा रुग्णालाच, आणि वर्षभरात तिथे उपचार घेतलेला केसपेपर दाखवायचा. हे तरी मान्य?

कडूकारले:
घ्या बाबा, घ्या एक डायलिसिसवाला. फक्त बैठक त्याच्या डायलिसिसच्या वारी ठेवू नका. तेवढी अक्कल तज्ज्ञांना नसते, असं तुम्ही म्हणता ना.

धडगाववाली:
एक नाही, दोन. आणि त्यातली एक बाई.