पहाटेच्या अंधारात वल्हवण्याचा सराव : दिव्यांबाबत मदत हवी आहे

नमस्कार. गोंदिया जिल्ह्यातील इटियाडोह जलाशयावर आमच्या गावातील चार मुली पहाटे साडेचारपासून वल्हवण्याचा सराव करतात, कारण दिवस वर आल्यावर वारा सुटतो आणि त्यांना शाळाही गाठायची असते. वल्हवणारीची पाठ नाव जाते त्या दिशेला असल्याने पुढचे काही दिसत नाही. गेल्या आठवड्यात एकीचे वल्हे ढिवर बांधवांच्या जाळ्यात अडकले आणि नाव उलटता उलटता वाचली. जाळ्याचा थर्माकोलचा तुकडा हातभर अंतरावर येईपर्यंत दिसलाच नव्हता. जीवरक्षक जाकिटे आहेत. पुढच्या टोकाला पांढरा दिवा लावता येईल, परंतु मागच्या टोकाचा दिवा थेट वल्हवणारीच्या डोळ्यांवर येतो. तो कसा झाकावा आणि पाण्याने न बिघडणारा हलका दिवा कोणता घ्यावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. तोवर उजाडल्याशिवाय मी नावा पाण्यात उतरवणार नाही.