पुस्तकात पाहून मणी ओवले, मोबाइलात पाहून तार वळवली: तुमचंही लिहा

आर्वी तालुका (चर्चेचा धागा मीच काढते आहे)

पोत गाठवायची तर पटवेकरी, बाकी दागिन्याला सोनार, एवढंच आमच्या गावाला ठाऊक. मी मात्र चार वर्षं झाली, पुढ्यात पुस्तक उघडं ठेवून, नाहीतर मोबाइल तांब्याला टेकवून मणी-तारेशी झटते आहे. शिकवायला कोणी नाही. असे आणखीही असतील, म्हणून विचारते. छान झालेल्या दागिन्यांचे फोटो सगळेच दाखवतात. इथे फसलेलं आधी येऊ द्या.

माझंच सांगते. भाचीने दिलेलं पुस्तक अमेरिकेतलं. त्यात साहित्य लिहिलेलं: तांब्याची तार, २०, २४ आणि २८ गेज (गेज म्हणजे जाडीचा नंबर; नंबर वाढला की तार बारीक). आमच्याकडे असली तार मिळायची जागा एकच, मोटार रिवायंडिंगचं दुकान. व्होल्टेज पडलं की विहिरीवरच्या मोटारी जळतात, त्यामुळे आमच्या बाजाराच्या गावात अशी दोन दुकानं आहेत. पहिल्यांदा गेले तर मिस्त्री म्हणाला, "कितीची मोटार आहे ताई? तीनची का पाचची?" म्हटलं, मोटार नाही, कानातलं करायचं आहे. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्यानं शंभर ग्रॅम तार तोलून दिली.

घरी आल्यावर २० ची तार मण्यात जाईचना. मणीच खराब, असं ठरवून नागपूरच्या इतवारीतून आणलेली दोन पाकिटं मी नणंदेच्या पोरींना खेळायला देऊन टाकली. २४ च्या तारेनं वेढे घेताना बोटं सोलली. वर्षभर वाटत राहिलं की आपल्याच हातात जोर नाही. मग एकदा मिस्त्रीनं सहज म्हणून २० च्या तारेला मायक्रोमीटर लावला: ०.९१ मिलिमीटर. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक तक्ता होता, तो मी कधी पाहिलाच नव्हता. त्यात २० गेज म्हणजे ०.८१. नंबर तोच, मोजणी वेगळी! त्यांची एडब्ल्यूजी (अमेरिकन वायर गेज), आपल्या वायंडिंगवाल्यांची ब्रिटिशांच्या वेळची एसडब्ल्यूजी (स्टँडर्ड वायर गेज). तेव्हापासून पुस्तकात २० असेल तर मी दुकानात २१ मागते, २४ ला २५, आणि २८ ला थेट ३०. नणंदेच्या पोरींनी त्या मण्यांचं काय केलं ते विचारू नका.

वायंडिंगच्या तारेवर इनॅमलचा पातळ थर असतो. त्यामुळे ती लवकर काळवंडत नाही, हा फायदा. पण हातोडीनं चपटी करायला गेलं की थर तडकतो, आणि गॅसवर धरली तर जो वास सुटतो तो घरात नको. ठोकायचं-तापवायचं असेल तर साधी उघडी तार घ्या.

मोर्शी

मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि डावखुरी आहे. मण्यांच्या विणकामाचे जे व्हिडिओ मला आवडले ते बहुतेक रशियन. त्यात बोलणं फारसं नसतंच, नुसते हात. पण ती बाई सुई उजव्या हातानं घालते, मी डाव्या, आणि चार ओळी झाल्या की माझी पट्टी कुठल्या कुठे वळायची. शेवटी मोबाइल आरशासमोर उभा केला आणि आरशात पाहून विणलं. आता ती बाई माझ्यासारखीच डावखुरी. अक्षरं उलटी दिसतात, पण रशियन मला सुलटी तरी कुठे वाचता येते!

आणखी एक फजिती. मण्यांचा नंबर वाढला की मणी बारीक होतो हे कोणी सांगितलंच नव्हतं. ११ पेक्षा मोठे म्हणून १५ नंबरचे मागवले. चार दिवसांनी कुरिअर आलं, उघडते तर मोहरीएवढे दाणे. आईला वाटलं फोडणीचं काहीतरी मागवलं.

पेयोट टाका (मण्यांच्या विणकामातली एक वीण) शिकत असाल तर पहिल्या ओळीत मणी सम संख्येत घ्या. विषम घेतले तर प्रत्येक दुसऱ्या ओळीच्या टोकाला शेवटचा मणी अधांतरी राहतो आणि सुई फिरवून फिरवून परत आणावी लागते. मी ११ मणी घेऊन बसले होते.

साकोली

आमचा तलावांचा मुलूख, त्यामुळे जाळ्याचा तंगूस बाजारात हवा तेवढा. व्हिडिओत मासेमारीची दोरी म्हणून सांगितलं, मी तोच घेतला. गळ्यातलं सुंदर झालं. आठ दिवसांत तंगूस ताणला आणि मण्यांमध्ये फटी पडल्या, दात पडल्यासारखं दिसायला लागलं. त्यांची दोरी म्हणजे बारीक धागे एकत्र विणलेली, आपला तंगूस एकेरी प्लास्टिक, हे फार उशिरा कळलं. तंगूस मी आता फक्त रांगोळीच्या मण्यांच्या तोरणाला वापरते.

रिसोड

मी सोडून दिलं. कापूस वेचून बोटांना चिरा पडतात, त्यात रेशीम अडकतं. उन्हाळ्यात बोटं बरी होतात तेव्हा परत पाहू.

अचलपूर

आमचा पिढीजात सोनारकीचा धंदा, तरी तारकाम मी व्हिडिओवरूनच शिकलो. कारण उघड आहे, सोन्याची तार सरावाला कोण देतो?

व्हिडिओवाल्यांवर माझा राग एकाच गोष्टीचा आहे. तांब्याची तार वळवत गेलं की ताठर होत जाते, आणि नेमकी शेवटच्या वेढ्याला तुटते. ते तिथे कट मारतात आणि पुढच्या क्षणी दागिना तयार! पाहणाऱ्याला वाटतं आपलंच चुकलं. तार ताठरली की ताव द्यायचा. ज्योतीवर मंद लाल होऊ द्या. भर उजेडात ती लाली दिसत नाही, म्हणून हे काम दिवेलागणीला करावं. मग पाण्यात बुडवा. लोखंडाच्या काही जाती असं बुडवल्यावर कडक होतात, तांबं होत नाही, मऊच राहतं. वर आलेलं काळं चिंच-मिठानं काढा, देवाच्या तांब्याला लावता तेच.

बाजारातल्या नोज प्लायरला आतून दाते असतात, ते तारेवर उमटतात. मेडिकलमधली चिकटपट्टी गुंडाळा. आणि कडी उघडताना दोन्ही टोकं बाजूला ओढू नका, एक पुढे एक मागे करा, नाहीतर गोल परत जुळत नाही. यावरून मी लहानपणी टपली खाल्ली आहे. "फाकवू नोको, मुरड!"

कारंजा

माझी पाच पदरी माळ तीनदा ढिली झाली. पुस्तकात लिहिलेलं, ताण सारखा ठेवा. ठेवू कसा? दोन हातांत सुई, मणी आणि पाच दोरे. रडकुंडीला येऊन ओळखीच्या पटवेकऱ्याकडे नेली. म्हातारा माणूस, दुकान म्हणजे ओटाच. त्यानं सगळी माळ उसवली, पदरांची टोकं एकत्र करून पायाच्या अंगठ्यात अडकवली, गुडघा जरा वर घेतला आणि दोरे वीणेच्या तारेसारखे ताणले गेले. सुई नाहीच. दोऱ्याचं टोक पीळ देऊन ताठ केलं आणि मणी सरळ त्याच्यावर. मी पुस्तक उघडून दाखवलं, तर पानावरचे हात न्याहाळत म्हणाला, "हातच दाखवते ना बाई पुस्तकात, पाय कोन दाखवते?"

तेव्हापासून मी खुर्चीवर बसून ओवत नाही. सासूबाईंना ते पायाला दागिना लावणं पटत नाही, म्हणून त्या देवळात गेल्या की ओवते.

मूल

मी लग्नसराईआधी दाबाच्या नथी करते. एका नथीला सामान २२ रुपयांचं, वेळ दीड तास, विकते ८० ला. हिशेब तुम्हीच करा.

सुरुवातीला गाठ सुटू नये म्हणून झटपट चिकटणारा गोंद लावायचे. त्याची वाफ खड्यांवर बसून पांढरट झाक आली, आणि गोंद लागला तिथे दोरा काडीसारखा कडक होऊन वरातीतच तुटला. नवरीचा भाऊ मोती वेचत होता. आता गाठ दुहेरी मारते, टोक मागच्या तीन मण्यांतून परत काढते. आणि आमच्या चंद्रपूरच्या मे महिन्यात इलास्टिकच्या बांगड्या टिनाच्या शेडखाली ठेवू नका. मी ४० ठेवल्या होत्या, सगळ्या लोंबल्या.

देवळी

आर्वीच्या ताई, माझ्या पुस्तकात २६ आहे. काय मागू?

आर्वी तालुका

२७ मागा. मोटार कितीची विचारलं तर तीनची सांगा, पटकन मिळते.