झोंबी दुय्यम चालतील, घरभेदी हवा. काय पाहू?

रातकिडा:
झोंबी धावतात, चावतात, पुन्हा उठतात, याचा आता कंटाळा आलाय. आपल्यातलाच कुणी केसाने गळा कापतो, असं काही सुचवा. 'ट्रेन टू बुसान' (२०१६) पाहिलाय. त्यातला बस कंपनीचा साहेब डोक्यात गेला, पण तो छुपा कुठे आहे? त्याचा नालायकपणा लगेच दिसतो. मला शेवटपर्यंत कळू नये असा हवाय. आणि कृपा करून कोण ते फोडू नका.

उंबरठा:
छुपा खलनायक असलेलं सांगा म्हणता, म्हणजे मालिकेचं नुसतं नाव घेतलं तरी निम्मं फुटलंच की! असो. 'किंगडम' बघा. जोसॉन काळातला कोरिया. राजा मेलाय, पण ते जगापासून लपवून त्याला तशाच अवस्थेत राजवाड्यात बांधून ठेवलाय. कारण राणी गरोदर आहे आणि तिच्या बापाला युवराज गादीवर नकोय. हे सुरुवातीलाच कळतं, मी काही फोडलेलं नाही. सगळे त्या बापाकडेच बघत बसतात, एवढंच सांगते. शिवाय युवराजाच्या माणसांत एक सूर्याजी पिसाळ आहे. त्याने तसं का केलं ते दुसऱ्या सीझनमध्ये (२०२०) कळलं, तेव्हा मला त्याचा राग धरताच आला नाही. दोन्ही सीझन मिळून १२ भाग, दोन रात्रींत उरकतं.

डबलबेल:
किंगडमला +१. 'ऑल ऑफ अस आर डेड' (२०२२) पण घ्या यादीत. त्यात ती वर्गातली मुलगी रक्ताच्या रुमालाने...

उंबरठा:
अहो! फोडू नका म्हटलंय ना वर!

डबलबेल:
सॉरी सॉरी. तसंही ते लवकरच होतं. खरी मजा त्यानंतर बाकीची पोरं तिच्याकडे कशी बघतात त्यात आहे.

जुनापंखा:
'द वॉकिंग डेड'चे पहिले दोन सीझन पाहा. पुढचे नऊ तुमच्या जबाबदारीवर. तिथला माणूस मुळात खलनायक नाहीच, जिवलग मित्र आहे, म्हणून जास्त लागतं. दुसऱ्या सीझनमध्ये जखमी पोरासाठी सामान आणायला दोघं जातात आणि एकच परत येतो. त्याने सांगितलेली हकीकत नीट ऐका. मग तो आरशासमोर उभा राहून डोकं भादरतो. एक शब्द नाही, पण माझ्या अंगावर काटा आला होता.

आणि १९६८चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' राहिला असेल तर आधी तो. घरात अडकलेली सात माणसं, आणि एक कूपर नावाचा गृहस्थ 'तळघरात चला' म्हणून सगळ्यांशी भांडतो. पहिल्यांदा पाहताना मी त्याला शिव्या घातल्या. दुसऱ्यांदा लक्ष दिलं, तेव्हा नायकाने रात्र शेवटी कुठे काढली ते दिसलं. माणूस वाईट होता, सल्ला नव्हता.

रातकिडा:
हे भारी आहे. '२८ डेज लेटर' (२००२) यात बसतो का?

जुनापंखा:
बसतो. रेडिओवरचा संदेश ऐकून ती मंडळी सैनिकांकडे जायला निघतात. सैनिक दिसल्यावर तुम्हाला हायसं वाटलं, तर तुम्हीही माझ्यासारखेच फसलात.

रातकिडा:
ठरलं, आज रात्री किंगडम. तिसऱ्या भागानंतर इथे माझा संशयित सांगतो. कुणी हो-नाही म्हणायचं नाही.

उंबरठा:
सांगा. मी नुसती स्मायली टाकेन, तिच्यावरून काही ओळखू नका.