गोंधळलेल्या माणसाला ‘नाम घ्या’ एवढंच सांगायचं?

नीराकाठ: परवा इथे एका ताईंनी लिहिलं होतं, ‘सोयाबीन पाण्यात गेलं, नवरा बोलेनासा झालाय, देवावर भरवसा कसा ठेवू?’ त्यावर एका महाराजांची पोस्ट: प्रश्न विचारणं हीच अश्रद्धा, ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’, नाम घ्या, स्तुती करा. वाचून डोकंच फिरलं. १६३०च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली. ‘माझे लेखी देव मेला’ हेही त्यांचंच. ते कीर्तनात का येत नाही? आधी भांडू द्या की माणसाला!

टाळकरी: सोयीचं तेवढं उचलू नका. ‘बरे झाले देवा निघाले दिवाळे’ कुणाचं? माझं दुकान बुडालं तेव्हा पहाटे काकड्याला जाऊन उभा राहायचो. डोकं चालत नव्हतं, टाळ वाजवणारे हात चालत होते. त्यावरच तगलो.

अबोली: ‘बरे झाले’ तुकोबा स्वतःच्या दिवाळ्याला म्हणाले, शेजारणीच्या नाही.

टाळकरी: भरवशाचं बोलताय तर २०२० आठवा. पादुका एसटीने पंढरपूरला नेल्या. दारूची दुकानं उघडी आणि देवळं बंद!

मृद्गंध: काका, पुन्हा तेच? तेव्हा मी कोविड वॉर्डात नर्स होते. एक माळकरी आजोबा ऑक्सिजनवर होते. ‘रामकृष्णहरी’ म्हणायचे की मास्क वाफेनं पांढरा व्हायचा. मुलाला आत सोडता आलं नाही. लाखोंची वारी निघाली असती तर खाटा कुठून आणल्या असत्या?

टाळकरी: लाखोंचं कोण म्हणतंय? मोजकी माणसं चालली असती. वारी म्हणजे चालणं.

नीराकाठ: एक वर्ष चालणं चुकलं म्हणून विठ्ठल रुसणार असेल, तर भरवसा तुमचाच कच्चा.

टाळकरी: माझा भरवसा मोजणारे तुम्ही कोण? पणजोबांपासून वारी आहे घरात. तोंड सांभाळा!

अबोली: जनाबाई देवाला ‘मूळ मायेच्या कारट्या’ म्हणते, तेही त्याच वारकरी घरांत गातात ना? मग त्या ताईंनी साधा प्रश्न विचारला तर एवढं काय बिघडलं?

टाळकरी: जनाबाईचा अधिकार वेगळा. बरं, ताईंना ‘अश्रद्ध’ म्हणायला नको होतं, एवढं मान्य. एसटीचं मरेपर्यंत मान्य नाही. जवळपासच्या असतील तर एकादशीच्या भजनाला दोघांनी यावं.

मृद्गंध: बोलवाच. पण ताई, पंचनामा झाला नसेल तर उद्याच तलाठ्याला गाठा. आणि यजमानांचं गप्प होणं अंगावर काढू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ते तयार नसतील तर आधी तुम्ही लावा.