वॉर्डरोब थेट छताला भिडवायचाय, पण मध्ये पीओपीची कॉर्निस येतेय, काय करू?

सिंहगडरोडकर:
नमस्कार मंडळी. रिसेलचा फ्लॅट घेतलाय, बेडरूमला आधीच्या मालकांनी चारी बाजूंनी पीओपीची कॉर्निस (भिंत आणि छत मिळतात तिथली सजावटीची पट्टी) मारलीय, भिंतीवर ४ इंच उतरलीय आणि छतावर पण ४ इंच बाहेर आलीय. वेलबुट्टी नाही, दोन गोलाया आणि मध्ये एक खाच, छान दिसते म्हणून काढवत नाही. आता त्याच खोलीत ११ फुटी भिंतीवर डाव्या कोपऱ्यापासून ७ फूट वॉर्डरोब करायचाय, २ फूट खोल, वर लॉफ्ट आणि लॉफ्ट छताला टेकलेला, कारण आईचं म्हणणं वर जागा सोडली की तिथे धूळ आणि मिक्सरची रिकामी खोकी साठतात (खरंय). सुतार म्हणतो सगळी तोडा, प्लेन करू. पीओपीवाला म्हणतो आधी फर्निचर होऊ दे मग बघू. रंगारी फोनच उचलत नाही. कुणी केलंय का असं?

रंधा_पटाशी:
सगळी अजिबात तोडू देऊ नका, त्याला तेच सोपं पडतं म्हणून तो सांगतोय. वॉर्डरोबच्या मागचे ७ फूट आणि डाव्या भिंतीवरचे २ फूट एवढीच काढायची. उजवीकडे उरलेली ४ फूट कॉर्निस सरळ वॉर्डरोबच्या साइड पॅनलला येऊन टेकते, तिथे ४५ अंशांच्या तिरक्या कटाची गरजच नाही. फक्त कट कसा मारतात तिथे उभे राहा. पॅनलची बाहेरची रेष पेन्सिलने मारून आधी हॅक्सॉच्या पात्याने हळूहळू कापायचं आणि मगच आतल्या बाजूला छिन्नी लावायची, कारण पीओपीत काथ्या असतो, थेट हातोडा मारला की तो ओढला जातो आणि ठेवायची ती कॉर्निस पण फूटभर सुटून येते.

आता खरी मेख. शटर (कपाटाची दारं) बाहेर उघडणारे आहेत की स्लायडिंग? उघडणारे असतील तर डावीकडच्या कोपऱ्यातलं लॉफ्टचं शटर उघडून भिंतीकडे गेलं की त्याचा वरचा कोपरा डाव्या भिंतीच्या कॉर्निसवर आपटणार. हे ड्रॉइंगमध्ये कुणालाच दिसत नाही, बिजागऱ्या लागल्यावर दिसतं. म्हणून छत आणि शटर यांच्यामध्ये फिलर पट्टी घ्या, ४ नाही, साडेचार इंचाची, म्हणजे शटर कॉर्निसच्या खालून आरामात फिरतं. खात्री करायची तर शटरच्या मापाचा पुठ्ठा कापून आत्ताच तिथे फिरवून बघा, १० मिनिटांचं काम.

सिंहगडरोडकर:
उघडणारेच आहेत 😬 हे कुणी बोललंच नव्हतं. मग त्या फिलर पट्टीवर पुढून कॉर्निस फिरवली तर? म्हणजे कपाट भिंतीतच बसवल्यासारखं वाटेल.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो:
मी केलंय, माझं ऐका. कपाटावरून कॉर्निस फिरवली, दिवाळीत एकदम पॅलेस दिसत होता, पहिल्या पावसाळ्यात प्लायच्या बाजूने अख्ख्या लांबीला केसासारखी चीर. प्लाय दमट हवेत हलतो, पीओपी हलत नाही, दोघांना एकत्र चिकटवलं की कुणीतरी फाटणारच. त्यावर रंगाऱ्याने शहाणपणा करून सिलिकॉन भरलं, सिलिकॉनवर रंग बसत नाही, सहा महिन्यांत तिथे धुळीची काळपट रेघ आणि आलेला प्रत्येक पाहुणा बरोब्बर तिकडेच बघतो. शेवटी ते खरवडून काढून रंग बसणारं ॲक्रिलिक सीलंट भरलं तेव्हा सुटलो.

रंधा_पटाशी:
यांचं बरोबर आहे. फिरवायचीच असेल तर ती फक्त छताला पकडायची, फिलर पट्टीला टेकवायची पण चिकटवायची नाही, खाली ३ एमएमची सरळ खाच मुद्दाम दिसू द्यायची. लांबी (पुट्टी) भरून लपवलेला सांधा आज ना उद्या उघडा पडतोच, खाच मात्र डिझाइन वाटते. आणि लॅमिनेटवर पीओपी तसंही धरत नाही. मला विचाराल तर साधी सपाट पट्टी भिंतीच्याच रंगात, विषय संपला, पण आवड तुमची.

सिंहगडरोडकर:
पुठ्ठा फिरवला, आपटला 😂 म्हणजे साडेचार इंच फिक्स. पण आता लेव्हल पाइप (पातळी बघायची पाण्याची नळी) लावली तर ७ फुटांत छत ११ एमएम खाली आलंय. सरळ पट्टी लावली तर एका टोकाला फट दिसणार ना?

रंधा_पटाशी:
बिल्डिंगचं छत लेव्हलमध्ये असतं असं वाटलं होतं का 😀 पट्टी पाऊण इंच जास्त रुंद कापायला सांगा, म्हणजे सव्वापाच. खालची कड लेव्हलमध्ये धरून छताजवळ तात्पुरती अडकवायची, मग पेन्सिल एका छोट्या ठोकळ्यावर आडवी धरून ठोकळा छताला घासत या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचा. छताचा चढउतार जसाच्या तसा पट्टीवर उतरतो, त्या रेषेवर रंधा मारायचा. बारीक टोकालाही साडेचार उरतात ना ते बघा, नाहीतर पुठ्ठ्याचा सगळा खटाटोप फुकट. आणि क्रम असा ठेवा: कॉर्निस कापणं, फर्निचर, मग पीओपीची डागडुजी, ती पूर्ण वाळल्यावर रंग. हात लावून गार लागली तर अजून ओली आहे.

सिंहगडरोडकर:
सुताराला हे वाचून दाखवलं. म्हणाला "हा माणूस कुठे काम करतो?" आणि सव्वापाचची पट्टी लिहून घेतली. रंगारी अजून फोन उचलत नाहीये, पुण्यात बाणेर किंवा सिंहगड रोड भागात कुणी चांगला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.